पाच जणांचं टेबल

सोमवार, ३ मार्च

वन्सं,

नमस्कार लिहिलाय असं समजा. मन अजून निवळलेलं नाही, आणि उगाच गोड लिहायची मला सवय नाही हे तुम्हाला माहीत आहे.

फोन तुम्ही उचलला नाहीत. मग नंबरच लागेनासा झाला. पत्ता मावशींकडून काढला. त्यांच्या दारात ठाण मांडून बसले तेव्हा कुठे त्यांनी तो सांगितला, वर "माझं नाव घेऊ नकोस" असंही म्हणाल्या. घेतलं. त्यांच्यावर रागावू नका, त्यांचाही जीव तुमच्यासाठी टांगणीला लागलाय.

काल आम्ही त्या चिनी हॉलमध्ये डिमसम खायला गेलो होतो. लाँड्रीला आग लागल्यापासून पहिल्यांदाच. माझ्या मनात नव्हतं, पण इंजिनचा फोन आला. "वहिनी, रविवारी घरी बसलं की मला धुराचा वास येतो. चला कुठंतरी." उभा जन्म बॉयलर सांभाळण्यात घालवलेला माणूस असं म्हणतो म्हटल्यावर मी काय बोलणार? चादरी मोजणारी आपली मास्तरीणही आली.

टायरच्या दुकानावरचा तोच हॉल, तोच अरुंद जिना, तोच चिकट कठडा. जिना चढताना इंजिन अजून तसाच फुसफुसतो. अकराच्या आत बसलं की डिमसमची टोपली निम्म्या दरात, म्हणून बाहेर तशीच रांग होती. आपलं कोपऱ्यातलं गोल टेबल मिळालं. पाच खुर्च्या. आम्ही तिघं बसलो, आणि उरलेल्या दोन कुणी ओढून नेऊ नयेत म्हणून मास्तरणीनं त्यांच्यावर पिशव्या ठेवल्या. कुणासाठी ठेवल्या ते तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

टोपल्यांच्या ढकलगाडीवाल्या बाईनं मात्र विचारलं. "त्या मोठ्या बाई कुठं आहेत? आणि त्या हुकूम सोडणाऱ्या?"

इंजिन म्हणाला, "मोठी वारली. आमच्या लाँड्रीत आग लागली होती, त्यात."

तुमच्याबद्दल कुणीच काही बोललं नाही. लाँड्रीत मुकादम म्हणून आम्हाला जशा हाका मारायचात तशाच इथं टोपल्यांना मारायचात, म्हणून तुम्ही तिच्या लक्षात राहिलात.

मग तिनं वरच्या टोपलीचं झाकण उचललं. कोळंबीचे डिमसम होते, मोठीला आवडायचे ते, पारदर्शक पापुद्र्याचे. वाफेचा लोट माझ्या तोंडावर आला आणि पुढचं मला आठवत नाही. इंजिन सांगतो की मी ताडकन उठले, खुर्ची मागं पडली, आणि मी "दार, दार" म्हणत भटारखान्याकडे पळाले. मला आठवतं ते एवढंच, की मी भटारखान्याच्या मागच्या दारापाशी उभी होते, दारासमोर पिठाची पोती रचलेली होती आणि मी ती ओढत होते. आचारी हातात सुरी घेऊन बघत राहिला. "बाई, तिकडं संडास नाही," म्हणाला.

परत येऊन मी खाल्लं. काय खाल्लं ते विचारू नका. भूक होती हे खरं, आणि त्याची लाजही वाटली. मोठीला लाँड्रीबाहेर कुणी नव्हतं. तिचा रविवार म्हणजे आपणच होतो.

शेजारच्या टेबलावर राखाडी स्वेटर घातलेला एक माणूस बसला होता. सबंध वेळ त्यानं फक्त चहा घेतला. जाताना आमच्यापाशी थांबला आणि जुनी ओळख असल्यासारखा म्हणाला, "मुकादमबाई कुठं असतात हल्ली?" मास्तरणीच्या हातातल्या खायच्या काड्या खाली पडल्या. मी म्हटलं, "माहीत नाही." तेव्हा खरंच नीट माहीत नव्हतं. पत्ता मी त्याच संध्याकाळी मिळवला.

पुढच्या महिन्यात चौकशी आहे. अधिकारी साधंच विचारणार म्हणे, मागच्या दाराला कुलूप होतं का. मालक सांगतोय की दार उघडंच होतं, मोठी घाबरून रस्ता चुकली. आम्ही तिघंही कुलूप होतं असं सांगणार आहोत. किल्ली कुणाकडे असायची ते मला माहीत नाही. विचारलं तर तसंच सांगेन.

तुम्ही बऱ्या आहात का, एवढं तरी कळवा.

तुमची भावजय

रविवार, १६ मार्च

वन्सं,

उत्तर आलं नाही. पोस्टातल्या बाई म्हणाल्या की पत्र परत आलेलं नाही, म्हणजे कुणीतरी घेतलंय. ते तुम्हीच घेतलंत असं धरून चालते.

आज पुन्हा हॉलमध्ये गेलो. सगळ्यांत आधी मी भटारखान्यात डोकावले. पोती हलवलेली होती. मागचं दार मोकळं, कडीसुद्धा काढलेली. आचाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मान वळवली आणि पीठ मळत राहिला. मला रडू आलं, वन्सं. अनोळखी माणसाला एवढं कळलं.

तुमचा भाऊ मला हसतो. कुठल्याही दुकानात गेलं की मी आधी बाहेर पडायची वाट शोधते. बबडीच्या शाळेत जाऊन शिपायाला विचारून आले, मागचं फाटक उघडतं का म्हणून. रात्री उठून आपल्या घराची कडी तपासते. कडी लावली की धूर आठवतो, काढली की तो स्वेटरवाला आठवतो. कुठल्याच बाजूनं झोप नाही.

तो आज आमच्या टेबलावर येऊन बसला. मास्तरणीची पिशवी उचलली, अलगद जमिनीवर ठेवली. "हे रिकामंच आहे ना?" म्हणत मोठीच्या खुर्चीत बसला. इंजिनच्या मानेची शीर टरारली. आधी मला वाटायचं, असं काही झालं तर मी चार शब्द सुनवेन. प्रत्यक्षात मी फक्त माझी खुर्ची सरकवून घेतली.

टोपलीत तीनच डिमसम असतात, आम्हा तिघांना एकेक. त्यानं हातानंच एक उचलला आणि तोंडात टाकला. सावकाश चावला.

"मस्त असतात इथं," म्हणाला. "स्वस्त आणि मस्त. तुम्ही सगळी चांगली माणसं आहात. आमचे मालकही चांगले आहेत. आग काय कुणाला विचारून लागते?"

इंजिन म्हणाला, "कुलूप तर माणूसच लावतो."

"लावतो ना," तो म्हणाला. "मी कुठं नाही म्हणतो?" मग माझ्याकडे वळला. "तुमच्या मुलीचा बसथांबा बदलला वाटतं? आधी औषधांच्या दुकानापाशी उभी असायची. आता पुलाखाली. तिथं गाड्या जोरात येतात हो. जपा."

बोट पुसायला त्यानं माझ्यासमोरचा कागदी रुमाल घेतला. घडी घातली, परत माझ्यासमोर ठेवला आणि गेला.

तो जिना उतरला तशी मास्तरीण माझ्याकडे वळली. तिचं तर नेहमी सगळं मोजूनमापून असतं. चादरींचे गठ्ठे मोजायची तशी ती टोपल्याही मोजते, कुणी एक डिमसम जास्त खाल्ला तरी तिला कळतं. तीच आज म्हणाली, "आपण कुलूप बघितलंच होतं का गं? नीट? धूर होता ना."

इंजिन म्हणाला, "मास्तरीणबाई, धूर नंतर झाला. कुलूप सकाळपासून होतं."

बबडीला उद्यापासून मीच शाळेत सोडणार आहे. बस बंद. तिनं विचारलं, "आई, आत्या पण अशीच घाबरली होती का?" मी तिला गप्प केलं. तुम्ही गेल्यावर घरात तुमचं नाव काढायचं नाही असं ह्यांनी ठरवलं होतं. पण मुलं ऐकतात का?

तुम्ही कशाला घाबरलात, वन्सं?

तुमची भावजय

गुरुवार, २७ मार्च

वन्सं,

हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे. त्यांनी तुमची शपथ घातली होती, पण तुमची शपथ तुम्हालाच कशी लागू होईल?

मंगळवारी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. हे आरसे पुसत होते. तो आला. स्वेटर काढला, नीट खुंटीला अडकवला, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "दाढी. उलटा हात फिरवा, मला गुळगुळीत लागते." ह्यांनी त्याला आधी पाहिलेलं नव्हतं. मी वर्णन सांगितलं होतं, पण राखाडी स्वेटर काय हजार जणांचे असतात. फेस लावला, वस्तरा चालवायला घेतला. गळ्यापाशी आले तेव्हा तो डोळे मिटूनच बोलायला लागला.

"तुमच्या मिसेस चौकशीत कुलूप होतं म्हणून सांगणार आहेत."

ह्यांचा हात थांबला.

"चालू द्या ना. थांबलात की कापतं. तर काय म्हणत होतो, कुलूप होतं म्हटलं की किल्ली कुणाकडे होती हा प्रश्न आलाच. आणि किल्ली मुकादमबाईकडे होती. तुमची थोरली बहीण ना ती? मालक बिचारे दुपारी जेवायला घरी गेले होते. कुलूप लावणारी ती, किल्ली घेऊन पळणारी ती. तुमच्याच बायकोच्या साक्षीनं तुमची बहीण आत जाईल. दार उघडं होतं असं म्हटलं, तर प्रश्नच येत नाही. सगळे आपापल्या घरी."

वन्सं, तुमच्या भावाचा हात तुम्हाला ठाऊक आहे. झोपलेल्या पोराचे केस कापले तरी त्याला जाग येत नाही, इतका हलका. त्या हातात वस्तरा, आणि त्याखाली त्या माणसाचा उघडा गळा. आणि घाबरलेले कोण, तर हे. मला सांगताना म्हणाले, "त्याला ठाऊक होतं मी काही करणार नाही. म्हणूनच तो डोळे मिटून बसला." ते बोलताना त्यांचा चेहरा मला बघवत नव्हता.

दाढी त्यांनी पुरी केली. तुरटी फिरवली. तो गेल्यावर दुकान लावून घरी आले आणि बबडीला जवळ घेऊन बसले.

मग आमचं वाजलं. हे म्हणाले, "तू गप्प बस. दार उघडं होतं म्हण. मोठी काही परत येणार नाही."

मी म्हटलं, "ती दारापाशी सापडली. दारापाशी. उघडं असतं तर ती दारापाशी कशाला राहिली असती?"

"मला माहितेय. पण ताई आत गेली तर?"

"ताईंकडे किल्ली होती का?"

"तुलाच ठाऊक. तू होतीस तिथं."

मी म्हटलं, मला ठाऊक नाही. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. तुम्ही भावंडं एकसारखीच बघता, समोरच्याच्या डोक्यातलं वाचायला बसल्यासारखी. मी उठून कणीक मळायला घेतली.

तुम्ही त्यांना लहानपणी कडेवर घेऊन फिरल्याच्या, आई गेल्यावर त्यांची वेणीफणी, म्हणजे भांग, डबा, सगळं केल्याच्या गोष्टी त्यांनी मला लग्नाच्या पहिल्याच महिन्यात सांगून टाकल्या होत्या. तुम्ही नुसती बहीण नाही त्यांची. हे मला कळतं. म्हणूनच मला भीती वाटते.

तुमची भावजय

सोमवार, ७ एप्रिल

वन्सं,

आता चौघांतली, म्हणजे तुम्हाला धरून चौघांतली, आणखी एक गेली. काल मास्तरीण उशिरा आली, पर्स हातातच धरून उभी राहिली. बसली नाही.

"मला मालकांच्या दुसऱ्या शाखेत घेतलंय," म्हणाली. "हिशेबाला. उद्यापासून."

इंजिननं टोपलीचं झाकण परत लावलं. "आणि चौकशीला?"

"मी सांगणार की माझं लक्ष नव्हतं. मी चादरी मोजत होते. ते खोटं नाहीये, मोजतच होते."

"सगळी मोजणी पाठ असते तुम्हाला," इंजिन म्हणाला, "आणि एवढं मोठं कुलूप दिसलं नाही?"

तिचे डोळे भरले. "माझा नवरा अंथरुणात आहे. काल तो माणूस आला आणि त्याच्या उशाशी बसला. नुसता बसला. उशी नीट केली त्याची. तुम्ही सांगा मी काय करू."

ती मान खाली घालून गेली. तिला शिव्या द्याव्यात असं वाटलं आणि त्याच वेळी वाटलं, ही सुटली. त्या सुटण्याचा मला हेवा वाटला, वन्सं. मग मी आणि इंजिन दोघंच पाच जणांच्या टेबलावर बसलो. बाहेरच्या रांगेतली माणसं आमच्याकडे रागानं बघत होती. ढकलगाडीवाली बाई मुळ्याचे तळलेले चौकोन ठेवून गेली. ते थंड झाले. इंजिन म्हणाला, "वहिनी, तुम्ही पण सोडायचं असेल तर सोडा. मला मूलबाळ नाही. माझं काय वाकडं करतील?" पण बोलताना तो जिन्याकडे बघत होता.

आता जे लिहायचं ते लिहिते. मी ह्यांच्याशी खोटं बोलले आणि तुमच्याशीही. किल्ली कुणाकडे होती ते मला माहीत आहे.

त्या दिवशी सकाळी तुम्ही माझ्या इस्त्रीपाशी आलात. मालक दोनदा ओरडून गेला होता, चादरी मागच्या दारानं चोरीला जातात, आजपासून कुलूप म्हणजे कुलूप. तुम्ही चिडला होतात. "यांच्या चादरी नेऊन कोण काय पांघरणार आहे? दवाखान्याचा शिक्का असतो त्यावर," म्हणालात. मला हसू आलं. आणि बोलता बोलता तुम्ही किल्ली सेफ्टी पिनेला अडकवून कमरेला लावलीत. पिन मीच दिली. माझ्या बांगडीला अडकवलेली होती, ती काढून दिली.

दुपारी धुलाईच्या बाजूला ड्रायरमधल्या कापसाच्या भुग्यानं पेट घेतला. आम्ही पुढच्या दारानं बाहेर आलो. मोठी मागं घड्या घालत होती, तिला मागचं दार जवळ होतं. तुम्ही माझ्यापुढे चार माणसं सोडून होतात. मी तुमची पाठ पाहिली. पिन दिसत होती.

अधिकाऱ्यानं मला किल्लीचं विचारलं तर? मी खोटं बोलू शकत नाही असं म्हणणार नाही. बोलू शकते, गेले कित्येक आठवडे तेच करते आहे. पण मोठीच्या बाबतीत बोलता येईल का, ते मला माहीत नाही. आणि तुमच्या बाबतीत खरं बोलता येईल का, तेही नाही. मला दोन्हींची भीती वाटते. कुठली जास्त ते रोज बदलतं.

या ना. येऊन तुम्हीच सांगा काय ते. तो मालक जेवायला घरी गेला नव्हता, रस्त्यावरून मी त्याला लांबच्या फाटकापाशी पाहिलं होतं. त्याच्यात आणि तुमच्यात काय बोलणं झालं ते तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक असणार?

तुमची भावजय

शनिवार, १२ एप्रिल

वन्सं,

हे पत्र चौकशीच्या आधी पोचेल असं पोस्टातल्या बाई म्हणाल्या. म्हणून घाईत लिहिते.

काल बबडीला शाळेत सोडून परत येताना तो माझ्या शेजारून चालायला लागला. एक शब्द बोलला नाही. मी थांबले की तो थांबायचा, मी चालले की तो चालायचा. भाजीच्या दुकानात शिरले, तो बाहेर उभा राहिला. दुकानदारीण म्हणाली, "तुमचे हे आलेत वाटतं?" मी काहीबाही भाजी घेतली, हातातली पिशवी गच्च धरली आणि सरळ ह्यांच्या दुकानापर्यंत आले. दारात हे उभे होते.

ह्यांनी मला आत बसवलं, पाणी दिलं. तो रस्त्याच्या पलीकडे उभा होता. हे बाहेर गेले. हातात वस्तरा नव्हता, काही नव्हतं, नुसता खांद्यावर टॉवेल. मला वाटलं आता काहीतरी होणार. ते फक्त त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले. तो बोलला असेल काहीतरी. हे बोलले नाहीत. उभे राहिले. शेवटी तोच निघून गेला. हे परत आले तेव्हा घामानं भिजले होते.

रात्री मी त्यांना पिनेचं सांगितलं. सगळं. मला वाटलं होतं ते ओरडतील. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. सकाळी दाढी करताना आरशातच बघत म्हणाले, "तिला लिही. तू काय सांगणार आहेस ते तिला आधी कळू दे."

तर कळवते. गुरुवारी दहा वाजता चौकशी आहे. कुलूप होतं असं मी सांगणार. किल्लीचं विचारलं तर पिनेचंही सांगणार. मालक फाटकापाशी होता हेही. तुम्हाला अडकवायची माझी इच्छा नाही. पण मी खोटं बोलले तर त्या माणसानं जन्मभर माझ्या शेजारून चालावं असं होईल.

मी फार घाबरले आहे, वन्सं. लिहितानाही कान जिन्याकडे आहेत.

तुमची भावजय

रविवार, ४ मे

वन्सं,

तुरुंगाच्या पत्त्यावर तुम्हाला पत्र लिहायची वेळ येईल असं कधी वाटलं नव्हतं. तुमच्याआधी दोन माणसं ते वाचतील असं तुमच्या वकीलबाईंनी सांगितलंय. वाचू देत.

चौकशीच्या दिवशी मी जिना चढून वर आले आणि त्या बोळातल्या बाकावर तुम्ही बसलेल्या दिसलात. मांडीवर कापडी पिशवी, केस नीट विंचरलेले, कामावर हजेरी द्यायला आल्यासारख्या. मी तुम्हाला ओळखलंच नाही क्षणभर, इतक्या वाळलात. आणि ओळखल्यावर पहिल्यांदा काय वाटलं ते सांगू? मला हायसं वाटलं. आता मला सांगावं लागणार नाही, असं. नंतर त्याची शरम वाटली.

बाकावर तुम्ही जे सांगितलंत ते मी ह्यांना घरी येऊन शब्दन् शब्द सांगितलं. बाहेर आल्यावर पिन उघडून कमरेला टोचली तेव्हा किल्लीची आठवण झाली. तुम्ही वळलात. फाटकापाशी मालकानं दंड धरला, म्हणाला आत कुणी नाही, सगळे बाहेर आलेत, मी मोजलेत. तुम्ही ऐकलंत. मोठी आत होती हे कळल्यावर त्यानंच तुम्हाला गाडीत घातलं आणि सांगितलं, तू दिसली नाहीस तर कुलूपही दिसणार नाही. मी हे सगळं सांगत होते तेव्हा तुमचा भाऊ चपला न काढता उंबऱ्यात बसला होता. मग म्हणाले, "तिनं ऐकलं का त्याचं? ती तर कुणाचं ऐकत नाही." आणि रडले. तुमच्या भावाला रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. बबडी आतून आली आणि त्यांच्या डोक्यावर हात ठेवून उभी राहिली.

तुमची साक्ष संपल्यावर इंजिनची झाली, मग माझी. मला किल्लीचं विचारलंच नाही. तुम्ही आधीच सगळं सांगितलं होतं. मी कुलपाचं आणि फाटकाचं सांगितलं. मास्तरणीनं तिचं लक्ष नव्हतं असं सांगितलं आणि कुणाकडे न बघता निघून गेली. ती अजून आमच्यात येत नाही. इंजिन तिच्या घराकडे एकदा जाऊन आला, दार उघडलं नाही, तिच्या नवऱ्यानं पडल्या पडल्या "कोण आहे" विचारलं तेवढ्यावरच राहिलं.

मालकाच्या छातीत दुखायला लागलं म्हणून तो दवाखान्यात आहे. त्याच्या खोलीबाहेर पोलीस बसलाय असं पेपरात होतं. त्या दवाखान्याच्या चादरी आपणच धुवायचो. आता कुणाच्या धुतलेल्यावर झोपलाय कोण जाणे.

स्वेटरवाला त्यानंतर दिसलेला नाही. पण मी अजून बबडीला स्वतः सोडते, आणि मागून पावलं वाजली की बाजूला होऊन पुढच्याला जाऊ देते. ज्याला जाऊ देते तो बिचारा कुणी नोकरीला निघालेला असतो.

आज हॉलमध्ये गेलो होतो. हे आणि बबडीही आले. बबडीला काड्या जमत नव्हत्या, इंजिननं शिकवल्या, तिनं डिमसम चहात पाडला, सगळे हसलो. हसता हसता मी थांबले. ह्यांनी ते पाहिलं. घरी येताना म्हणाले, बुधवारी भेटीची वेळ असते, जाऊ या. मी हो म्हटलं.

तर बुधवारी येतो. कपड्यांचे दोन सुती जोड, साबण, आणि तुमचा चष्मा आणते. बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत, विचारून घेतलं. हे कदाचित काहीच बोलणार नाहीत, नुसते बसतील. त्यांना बसू द्या.

मला मात्र एक विचारायचं आहे. बाकावर विचारायचं राहिलं, कारण शिपायानं तुमचं नाव पुकारलं. तुम्ही फाटकापाशी होतात, लाँड्रीचं मागचं दार फाटकाच्या बाजूलाच उघडतं. मी पुढच्या रस्त्यावर होते, मला फक्त आगीचा आवाज येत होता. मोठी दारावर थापा मारत होती. तिचे तळहात सोलवटलेले होते, इंजिननं पाहिले आहेत. तुम्हाला त्या ऐकू आल्या होत्या का?

हे मी तिथं जाळीपलीकडून विचारणार आहे. विचार करायला वेळ मिळावा म्हणून आधी लिहिते. उत्तर काय असेल याची मला स्वेटरवाल्यापेक्षा जास्त भीती वाटते. ते ऐकल्यावर त्याच्या पुढच्या बुधवारी माझे पाय निघतील की नाही, ते आत्ता लिहून देत नाही.

या बुधवारी येते.

तुमची भावजय